हवापालट

आमच्या लहानपणी 'सुट्टीला जाणं' म्हणजे मामाकडे जाणं. 'फिरायला जाणं' म्हणजे संध्याकाळी स्टेशनपर्यंत पाय मोकळे करून दिवेलागणीच्या आत परत येणं. नवरा-बायको दोघंच, पोराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवून, काही काम नसताना, चार दिवस परगावी नुसती राहून येतात, या गोष्टीला आमच्याकडे शब्दच नव्हता. 'मधुचंद्र' होता, पण तो नंतर इंग्रजीवरून बेतलेला, आणि आयुष्यात एकदाच वापरायचा. खरोखर वापरातला शब्द एकच होता, 'हवापालट'. तो सुद्धा डॉक्टरनं उच्चारला तरच.

मी तळेगाव दाभाड्याचा. नोकरीची बहुतेक वर्षं मावळातल्या शाळांत इतिहास शिकवण्यात गेली. एकदा नववीच्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, "सर, लोणावळ्याला लोक येतात कशाला?" वर्ग हसला. पण प्रश्न रास्त होता. त्याच्या दृष्टीनं लोणावळा म्हणजे तालुक्यातली मोठी बाजारपेठ, रॉकेल आणि खतं मिळण्याचं ठिकाण. तिथे मुंबईची माणसं पैसे खर्चून येतात आणि काहीच करत नाहीत, हे त्याला कळेना. त्याला मी तासाभरात जमेल तेवढं सांगितलं. आज सवडीनं सांगतो.

पहिली गोष्ट अशी की मावळात वसंतात बाहेरची माणसं येणं हे रेल्वेपेक्षा फार जुनं आहे. पुण्याचा माणूस सुट्टी मिळाली की घाट उतरून अलिबाग-मुरूडला समुद्र बघायला जातो. आणि समुद्राचा माणूस? तो चैत्रात घाट चढून आमच्याकडे येतो. कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा चैत्र शुद्ध सप्तमीच्या सुमारास भरते. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन, नाचत, बँड लावून डोंगर चढतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचंही हे कुलदैवत. नव्यानं लग्न झालेली जोडपी देवीच्या पाया पडायला येतात. नवरीच्या हातातला चुडा अजून नवा असतो, नवरदेव ऊन लागून घामाघूम झालेला असतो, आणि बरोबर निदान वीस माणसं असतात. तळेगावहून आम्ही पोरं ही गर्दी बघायला मळवलीला उतरायचो. मासळीचा वास न येणारे कोळी बघून माझ्या एका मित्राला फार आश्चर्य वाटलं होतं!

म्हणजे देव हे पहिलं निमित्त. दुसरं निमित्त काम. रमाबाई रानड्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांना त्यातली 'फिरती' आठवेल. न्यायमूर्ती कामासाठी पुणे-सातारा भागात गावोगाव जायचे आणि रमाबाई बरोबर असायच्या. घरातल्या बायकांच्या बोलण्यापासून सुटका, झाडाखालचा मुक्काम, नवऱ्याशी मोकळेपणानं दोन शब्द बोलायची सवड, हे सगळं त्या फिरतीत मिळायचं. पण नाव मात्र सरकारी कामाचं. तिसरं निमित्त आजारपण, म्हणजेच हवापालट. लोणावळा-खंडाळ्याची भरभराट या तिसऱ्या निमित्तावर झाली. तिच्याकडे येण्याआधी घाटाचं सांगायला हवं, कारण घाट नसता तर लोणावळा हे इंद्रायणीच्या उगमाजवळचं एक पावसाळी खेडं राहिलं असतं.

बोरघाटातून चाकाची गाडी जाऊ शकेल असा रस्ता १८३० साली सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. याच माल्कमनं महाबळेश्वरही गोऱ्यांचं आरोग्यस्थान म्हणून वसवलं. उन्हाळ्यात थंड जागा शोधणं ही साहेबाला गरज वाटत होती, आणि तिला तो 'आरोग्य' म्हणायचा. त्या रस्त्यावरचा जुना दगडी पूल आपण पुढे जाहिरातीच्या नावानं 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा, तो पाडला. वाहतुकीला अडथळा होता हे खरं, पण एकशे नव्वद वर्षांचा दगड धुळीला मिळताना टीव्हीवर बघून माझ्या पोटात कालवलं.

मग रेल्वे. १८५३ ला मुंबई-ठाणे झाली हे प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. त्यापुढचं कुणाला फारसं ठाऊक नसतं. १८५६ ला गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ च्या जूनमध्ये वरच्या अंगानं पुणे-खंडाळा सुरू झाली. मध्ये घाट तसाच. उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखी, मेणा, तट्टू, बैलगाडी जे परवडेल ते करून वर यायचं आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. पाच वर्षं हे असं चाललं, कारण मधला पंधरा-सोळा मैलांचा घाट फोडायचा होता. चढ अठराशे फुटांहून जास्त, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फूट चालावं तर एक फूट वर, इतकी चढण. गाडीला एका दमात वळता येईना म्हणून वाटेत एक उलटं फिरायचं स्टेशन केलं होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला जायचं, आणि गाडी उलट दिशेनं पुढची चढण चढायची. हे स्टेशन १९२९ ला नवा मार्ग झाल्यावर बंद झालं.

योजना मुख्य अभियंता जेम्स बर्कली याची. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या पैशांवरून घाटात दंगा झाला, त्यात एक गोरा माणूस मारला गेला. चौकशीत निघालं की मधले लोक मजुरांचे पैसे वेळेवर देत नव्हते. त्याच वर्षी फॅव्हिएलनं काम सोडलं.

आता ज्या जोडप्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे ते येतं. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ च्या अखेरीस बायकोला घेऊन इथे आला. हवापालटाला नव्हे, घाट पुरा करायला. आल्यावर थोड्याच आठवड्यांत तो आजारी पडला आणि वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, काय करावं अशी अपेक्षा असेल? पहिल्या बोटीनं परत जावं. ती गेली नाही. कंत्राट तिनं स्वतःच्या नावावर पुढे चालवलं. ॲडमसन आणि क्लाउझर हे दोघे अभियंते तिनं कामावर देखरेखीला ठेवले. काम तिच्या नावावर पुरं झालं. ज्या काळात आमच्याकडेच काय, इंग्लंडातही लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क असे, त्या काळात एक विधवा बोरघाटाची कंत्राटदार होती. बर्कली स्वतः १८६२ ला मायदेशी मरण पावला, त्याला पुरा झालेला घाट बघायला मिळाला नाही. २१ एप्रिल १८६३ ला, ऐन वसंतात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला.

ॲलिसची गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मुली कान टवकारायच्या. पण तेवढ्यावर थांबलं तर ती साहेबाच्या मड्डमेची गोष्ट होते. १८६१ च्या सुरुवातीला या घाटात बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती. ही एकेकटी आलेली नव्हती. नवरा सुरुंगाचं भोक पाडणार किंवा दगड फोडणार, बायको पाटीनं मुरूम वाहणार, पोरं सावलीला, सावली असली तर. म्हणजे जोडपी घाटात पुष्कळ होती. पटकीच्या साथी यायच्या, ताप यायचे, दरडी कोसळायच्या, आणि हजारो माणसं गेली. त्यांत किती बाया ॲलिससारख्या एकट्या राहिल्या असतील! त्यांच्या नावावर कंत्राट नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाटी उचलायची एवढंच. आपली गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरते आणि पोरं आरोळी ठोकतात, तेव्हा मला हटकून हा आकडा आठवतो, बेचाळीस हजार.

गाडी आली आणि लोणावळा बदललं. १८७७ ला नगरपालिका झाली. मुंबईच्या पारशी, गुजराती, मराठी श्रीमंतांनी बंगले बांधले. रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून भुशीचं धरण बांधलं, ज्याच्या पायऱ्यांवर आता पावसाळ्यात माणूस माणसाला खेटून भिजत असतो. चिक्कीसुद्धा मूळची रेल्वेवरच्या मजुरांची गूळदाणी, असं सांगतात. पुढे १९१० ला टाटांची जलविद्युत कंपनी निघाली, लोणावळा, वळवण, शिरोता इथे तलाव झाले, १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तलावांखाली मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुढे शेजारच्या मुळशीत १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला तो टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच, की वळवणच्या पाण्यावरून येणारा जो गार वारा हॉटेलवाले आज विकतात, तो आयता आलेला नाही.

हे झालं लोणावळ्याचं. आता आमच्या घरचं, कारण त्याशिवाय 'हवापालट' हा शब्द कळणार नाही.

माझे वडील तळेगावच्या काच कारखान्यात कारकून. घरात आजी-आजोबा, दोन काका, एक काकू, एक विधवा आत्या, आम्ही भावंडं आणि चुलतभावंडं धरून चौदा माणसं. आई थोरली सून. तिचा दिवस पहाटे पाचला बंब पेटवून सुरू व्हायचा. १९५९ च्या फेब्रुवारीपासून तिला बारीक ताप यायला लागला, खोकला जाईना, अंगावरचं मांस उतरलं. छातीचा फोटो काढला तर त्यात काही निघालं नाही. आमचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी आजोबांना बोलावून सांगितलं, "सूनबाईंना पंधरा दिवस लोणावळ्याला ठेवा. हवापालट हवा. आणि बरोबर तुमच्या मुलाला पाठवा, रात्री-अपरात्री ताप चढला तर."

यातली गंमत मावळच्या माणसालाच कळेल. तळेगावची हवा त्या काळी नावाजलेली. क्षयाच्या रोग्यांना बाहेरगावाहून तळेगावच्या हवेसाठी आणत! आणि आमचे डॉक्टर तळेगावच्या बाईला पंधरा-वीस मैलांवर हवा बदलायला पाठवत होते. मला हे उमगायला वयाची चाळिशी यावी लागली. त्या माणसाला हवा बदलायचीच नव्हती. त्याला तिचं घर पंधरा दिवस बदलायचं होतं. पण 'सुनेला विश्रांती द्या' असं आजोबांना सांगितलं असतं तर ती घरातच, ओटीवर एक पाट टाकून मिळाली असती, आणि पाटावर बसून तांदूळ निवडायचे. 'हवा' म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही. हवा काय, घरात आणून देता येत नाही.

तर एप्रिलमध्ये, शाळांच्या परीक्षा संपल्या तेव्हा, आई-वडील लोणावळ्याला गेले. बाजाराच्या मागे एका ओळखीच्यांच्या दोन खोल्या होत्या. वडिलांनी साठवलेली रजा घेतली. एका रविवारी काकांनी मला पॅसेंजरनं त्यांना भेटायला नेलं. मी आठ वर्षांचा होतो. मला दोनच गोष्टी आठवतात. एक, वडील स्टोव्हला पिन मारत होते. आमच्या घरात पुरुषानं स्टोव्हला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. दुसरी, आई खिडकीत बसून पानाच्या द्रोणातली करवंदं खात होती, एकटीच, कुणाला न वाटता. मला बघून तिनं द्रोण पुढे केला, पण त्याआधी क्षणभर ती दचकली, चोरी सापडावी तशी.

ती बरी होऊन परत आली. पुढे बत्तीस वर्षं जगली. दोघंच कुठे राहण्याचा योग त्यांना पुन्हा आला नाही. काशी-रामेश्वर झालं, पण ते आत्याला घेऊन, यात्रा कंपनीबरोबर, चाळीस माणसांत. मात्र म्हातारपणी बोलता बोलता ती म्हणायची, "मी लोणावळ्याला होते ना, तेव्हा..." आणि पुढे एखादी अगदी साधी गोष्ट असायची. संध्याकाळी नागफणीच्या बाजूला ढग आले, किंवा तुझ्या वडिलांनी तिखटाचा पिठला केला आणि त्यात मीठच नव्हतं. पंधरा दिवसांच्या आजारपणाची आठवण कुणी इतक्या मायेनं काढत असेल असं मला वाटत नाही. ताप यावा लागला तिला, दोघांत पिठलं खायला.

आता निमित्त लागत नाही. १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हाच शनिवार-रविवारची हवा खायला येण्याची सोय झाली होती, २००२ ला द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि ती सोय दोन तासांवर आली. आजचं जोडपं येतं, खोली घेतं, सकाळी दहाला उठतं, कुणाला सांगत नाही की आम्हाला बरं नाही. माझ्या वयाचे काही लोक यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. मला राग येतो तो गाडीच्या काचेतून चिप्सचा कागद बाहेर टाकणाऱ्याचा. विश्रांतीचा येत नाही. आणि गंमत अशी की आजची गर्दी सगळी पावसाळ्यातली. चैत्र-वैशाखात, जेव्हा पांगारा फुललेला असतो, करवंद-जांभूळ पिकायला लागतं, ठाकर-कातकरी बायका पाटीत रानमेवा घेऊन स्टेशनवर येतात, तेव्हा लोणावळा त्या मानानं निवांत असतं. डोंगरातल्या वाड्यांवर मात्र हेच दिवस पाण्याच्या टंचाईचे असतात. देशातल्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात, तीन-तीन तलाव उशाला असून, हंडा घेऊन चालणाऱ्या बाया मी नोकरीत असताना दरवर्षी पाहिल्या.

गेल्या चैत्रात मुलानं आम्हा दोघांसाठी लोणावळ्यात दोन रात्रींची खोली घेतली. बरं नसण्याचं निमित्तही नव्हतं, गुडघे सोडले तर. सौ. पहिल्या दिवशी पाचला उठून बसली. चहा खोलीत आला तो तिनं उभ्यानंच घेतला. दुपारपर्यंत चादरींच्या घड्या घालून झाल्या, मग तिला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कार्ल्याला जाऊ या, निदान देवीचं दर्शन होईल." बघा, निमित्त सापडलं.

यात्रा होऊन गेली होती, त्यामुळे पायऱ्यांवर गर्दी बेताची. दर पंचवीस पायऱ्यांवर बसत आम्ही चढलो. दर्शन झालं, मग चैत्यगृहात गेलो. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे काम, सदतीस खांब, वर अजून टिकलेल्या लाकडी कमानी. मी सवयीनं शिकवायला लागलो. हे दान कुणा एका राजाचं नाही. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिले, तिथल्याच एका गंध विकणाऱ्यानं दार दिलं, सामी नावाच्या सुतारानं दाराचं काम केलं, हे सगळं ब्राह्मी अक्षरांत भिंतीवर आहे. आतल्या खांबांवर हत्तींवर बसलेली जोडपी, दर्शनी भिंतीवर मोठी, माणसाहून मोठी जोडपी. नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर, दोघांच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. पुजा नाही, शिकार नाही, कामही नाही. नुसती उभी आहेत.

"आणि यातली एक जोडी," मी म्हणालो, "कुणी दिली माहीत आहे? भदसम नावाच्या भिक्षूनं. तसा लेखच आहे, मिथुन हे त्याचं दान."

"भिक्षूनं?" सौ. म्हणाली. "घरदार सोडलेल्या माणसानं जोडपं कशाला दिलं?"

मी सांगितलं की विद्वान म्हणतात, जोडपं हे मंगलचिन्ह, दाराशी असावं अशी जुनी समजूत. शिवाय भिक्षूंच्या दानांचे लेख इतरही लेण्यांत सापडतात, त्यात नवल नाही.

ती खांबाच्या बैठकीला टेकून बसली होती, चप्पल काढून, पदरानं मान पुसत. जरा वेळानं म्हणाली, "अहो, त्याचे आई-वडील असतील ते. कधी दोघं निवांत बसलेली बघितली नसतील त्यानं."

अशी दानं आई-वडिलांच्या पुण्यासाठी दिल्याचे लेख त्या काळात पुष्कळ आहेत. भदसमाच्या लेखात तसं काही लिहिलेलं नाही. पण मी ते तिला सांगितलं नाही. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, आणि खाली पायथ्याशी करवंदं विकणारी बाई पाटी उचलायच्या आत आम्हाला पोचायचं होतं.